पडद्यावर तीन आलं होतं

कर्जत, २ जून २०२५

तौकीर,

सलाम. फोन उचलत नाहीस, मेसेजला एकच टिक येते, म्हणजे मला ब्लॉक केलंयस. सख्ख्या बहिणीला! असो. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. बंगळूरच्या तुझ्या चौदाव्या मजल्यावर तो बिचारा चढो म्हणजे झालं.

दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही. जून लागला की अख्ख्या तालुक्याला एकाच वेळी आठवतं की आपलं छप्पर गळतं. दिवसभर ताडपत्र्या उलगडते आणि दोऱ्या मापते. अब्बांची गादी चालू आहे एवढं तुला कळावं.

आता मुद्द्याचं. तू खोपोलीच्या डायलिसिस सेंटरला तक्रार दिलीस, त्यावर ट्रस्टने २५ तारखेला चौकशी ठेवली आहे. भाग्यश्रीला तोवर कामावर घेत नाहीत. चौकशीत तिच्यावर ठपका आला तर कागद वर जाईल आणि तिला कुठल्याच सेंटरला नोकरी मिळणार नाही, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. तक्रार मागे घे, तौकीर.

तू अम्मीच्या दफनानंतर जेमतेम तीन दिवस थांबलास आणि त्यातले दोन भांडलास, त्यामुळे माझं काही ऐकलंच नाहीस. आता वाच. पळसदरीच्या धरणावरच्या ठाकूरवाडीतून शिकून टेक्निशियन झालेली ती एकटीच मुलगी. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा तिने अम्मीच्या हाताला सुया लावल्या. अम्मी आपल्या दोघांवर खेकसायची, पण तिच्यासमोर हात निमूट पुढे करायची. खोपोलीच्या गाडीत पळसदरीला भाग्यश्री चढली की अम्मी शेजारची जागा झाडून ठेवायची.

ईदनंतरच्या गुरुवारी काय झालं ते मी बघितलं, तू नाही. ईदला अम्मीने कुणाचं न ऐकता शीरखुर्मा हाणला होता. त्या दिवशी वजन भरलं साडेपंचावन्न. तिचं सुकं वजन बावन्न, म्हणजे साडेतीन किलो पाणी अंगात साठलेलं. वर सेंटरमध्ये बसून म्हणाली, चहा पाहिजे. भाग्यश्री ओरडली, आणि मग दिला. चहा आणि शेवटी नळीतून जाणारं सलाईन मिळून अर्धा लिटर जास्तीचं धरून तिने तुझ्या त्या प्रोग्रामच्या चौकटीत लिहिलं. पडद्यावर जो आकडा आला तो मशीनला लावला. तीन लिटर पाणी काढायचं.

तू म्हणालास, चार यायला हवे होते, पोरगी मोबाईलमध्ये गुंग असणार, चुकून तीन लावले, त्या एका लिटरने अम्मीच्या छातीत पाणी झालं आणि रविवारी ती गेली. ती म्हणते, पडद्यावर तीन आलं होतं. तू म्हणालास, माझा प्रोग्राम चुकत नाही. तिथेच विषय संपला तुझ्यासाठी.

मी तिला ओळखते, आणि ती खोटं बोलत नाही. तुझा राग मला समजतो रे. पण राग कुणावर तरी काढायचाच म्हणून तिच्यावर काढू नकोस.

तुझी आपा,
मेहनाज


कर्जत, १० जून

तौकीर,

उत्तर नाही. बकरी ईद झाली. तुझा हिस्सा नेहमीसारखा बाजूला काढला आणि मग शेजारच्या अफरीनच्या घरी दिला, कारण फ्रीजमध्ये ठेवून कुणाची वाट बघायची?

एक किरकोळ गोष्ट विचारायची आहे. दुकानात तू बसवून दिलेला जुना लॅपटॉप अजून चालतो. त्यात तो तुझा एका ओळीचा प्रोग्राम आहे, सेंटरला दिलास तोच. आठवतं, तो बनवलास तेव्हा मला आणि अम्मीला समोर बसवून किती मिरवलास? ती तुझी चित्रविचित्र चिन्हांची भाषा. लोक पानंच्या पानं लिहितात आणि मी एक ओळ, असं म्हणालास. त्या ओळीत एक चिन्ह होतं, खाली पाट, वर दांडी, मध्ये गोळा. अम्मी म्हणाली, हा तर आपला रॉकेलचा दिवा. तेव्हापासून आपण त्याला दिवाच म्हणतो.

तू सांगितलंस, या दिव्यासमोर कुठलीही अक्षरं ठेवा, तो त्यांना नुसती अक्षरं समजत नाही, हुकूम समजतो आणि पाळतो. चौकटीत वजनं लिहा, वजाबाकी लिहा, बेरीज लिहा, सुचेल तसं लिहा, तो हिशेब करून टाकेल. सकाळच्या पाळीतल्या सगळ्या खाटांचा एका फटक्यात. डॉक्टरांनी विचारलं होतं, आणि कुणी भलतंच लिहिलं तर? तू हसून म्हणालास, तर तो भलतंच करेल, त्याला काय कळतंय.

दुकानात मी त्यात नुसत्या बेरजा करते. काल पहिल्यांदाच असं झालं की चाळीस मीटरच्या वेटोळ्यातून सहा कापून दिले आणि गिऱ्हाईक त्यातले दोन परत घेऊन आला. मी टाईप केलं, ४० - ६ + २. आलं बत्तीस. दोरी हाताने मापली तर छत्तीस. परत मापली. दोरी काही लांबत नाही, तौकीर.

तो दिवा कुठल्या बाजूने वाचतो? एका ओळीत उत्तर दे. का विचारते ते विचारू नकोस. माझ्या डोक्यात काही नाही, सहज विचारलं.

मेहनाज


कर्जत, १६ जून

तौकीर,

सहज विचारलं नव्हतं.

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि फाडलं. आज भाग्यश्रीच्या वाडीवर जाऊन आले, म्हणून चौथ्यांदा फाडणार नाही.

पळसदरीला उतरून धरणाच्या कडेने वर गेले. भाग्यश्री घरी नव्हती. शनिवार-रविवारी मुंबईचे लोक येतात त्या बंगल्यांपैकी एकावर झाडलोट करायला जाते आता, सोमवारी मागचं आवरायला. तिची आई कोंडी ओटीवर शेवळांची रानभाजी निवडत बसली होती. मला वाटलं होतं, हाकलून देईल. तक्रार आपल्या घरातून गेलीय ना. तिने पाट दिला, पाणी दिलं. मग म्हणाली, "बाय, तुजी आई लय चांगली हुती. माज्या पोरीला तिनं बांगड्या दिल्या हुत्या, तिनं अजून काडल्या नाय." शेवळं निवडता निवडता पुढे म्हणाली, "पोरगी जेवत नाय. म्हनते, आये, मी तीनच बघितलं गं, माजे डोळे फुटले का? आमी कुनाचं वाईट केलं नाय. तूच सांग, तिला खरंच दिसत नाय का?"

विचार कर. ती मुलगी आता स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेते आहे.

निघताना कोंडीने शेवळं बांधून दिली आणि वर आंबट काकडं. "काकडं घालायला इसरू नको, नायतर घसा खाजंल." घरी येऊन पिशवी तशीच ओट्यावर ठेवली आणि लॅपटॉप उघडला. अम्मीचे आकडे मी इतके दिवस टाईप केले नव्हते. भीती वाटत होती. आज केले.

५५.५ - ५२ + ०.५

आलं तीन.

आपण सगळे डावीकडून जातो. साडेपंचावन्नातून बावन्न गेले, उरले साडेतीन, त्यात अर्धा मिळवला की चार. तुझा दिवा उजवीकडून जातो. तो आधी बावन्न आणि अर्धा एकत्र करतो आणि मग ते साडेबावन्न वजा करतो. उरतात तीन. चहा मिळवायच्या ऐवजी वजा झाला.

आणि तुला हे माहीत होतं रे! तूच मला सांगितलं होतंस, ही भाषा उजवीकडून वाचायची, अम्मीच्या कुराणाच्या सिपाऱ्यासारखी. अम्मी किती खूश झाली होती, म्हणाली, म्हणूनच माझ्या लेकाला लवकर आली. तू स्वतः लिहिताना कंस घालतोस, तुझ्या हाताला ती सवय आहे. फक्त वाडीतल्या मुलीच्या हाताला ती सवय नसणार, हे तुझ्या डोक्यात आलं नाही. तोवर सेंटरमध्ये सगळे वजनातून वजन वजा करायचे आणि चहापाणी कुणी लिहीतच नसे. लिहिणारी ती पहिली. तिने चहा लपवला असता तर साडेतीन आले असते. खरं लिहिलं म्हणून तीन आले.

आता नीट ऐक. मी डॉक्टरांना विचारलं, तुझं नाव न घेता, की एका लिटरने माणूस जातो का. ते म्हणाले, सांगता येत नाही. हृदय थकलेलं होतं, ईदचं खाणं होतं, दोन डायलिसिसमधलं अंतर होतं. चार काढले असते तरी कदाचित गेल्या असत्या. त्या दिवशी चक्कर आली म्हणून निघताना वजनही करता आलं नव्हतं, नाहीतर तिथेच लक्षात आलं असतं. तेव्हा तू अम्मीला मारलंस असं मी म्हणत नाही. कधीच म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याचं तोंड फोडीन. तू तो प्रोग्राम तिच्यासाठीच केला होतास. टेक्निशियन तळहातावर हिशेब करतात हे बघून तुझा जीव वरखाली व्हायचा, ते मी पाहिलंय.

सेंटरला मी फोन करून सांगितलं आहे की चौकशी होईपर्यंत सगळ्यांचे हिशेब हाताने करा, प्रोग्रामला हात लावू नका. लागलीच बंद केला त्यांनी. का, ते मी सांगितलं नाही. ते तू सांगायचंस. २५ तारखेला ये, नाहीतर चार ओळी लिहून पाठव. तुझ्या तोंडून आलं तर ती नुसती चूक ठरेल. माझ्या तोंडून आलं तर चुगली ठरेल, आणि मला माझ्या भावाची चुगली करायची नाही.

स्पीड पोस्टने पाठवते आहे, सही करून घे.

आपा


कर्जत, २६ जून

तौकीर,

तुझं उत्तर मिळालं.

पोस्टाने नाही. पोस्टाच्या साईटवर फक्त एवढंच दिसलं की २१ तारखेला पत्र पोचलं. मी रोज दाराकडे बघत होते. काल सकाळी चौकशीला जातानासुद्धा कर्जत स्टेशनवर पुण्याकडून आलेल्या गाडीतून उतरणारी माणसं बघत उभी राहिले. खुळीच मी.

सेंटरच्या वरच्या खोलीत ट्रस्टचे तिघे, डॉक्टर, नोंदणीच्या टेबलावरची सुरभी, भाग्यश्री आणि मी. भाग्यश्रीने इस्त्रीचा पांढरा कोट घातला होता, कामावर नसताना. तिला विचारलं तेव्हा ती तेच म्हणाली, "पडद्यावर तीन आलं होतं, सर." ट्रस्टमधले एक गृहस्थ कंटाळले होते. मला वाटलं, आता मी काही बोलायचीही गरज नाही, कॉम्प्युटरच बोलेल, आणि तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. म्हणून मीच म्हटलं, तिने जे लिहिलं होतं तेच आत्ता सर्वांसमोर लिहून बघा.

सुरभीने लिहिलं. आकडे तेच, क्रम तोच.

चार आलं.

ते गृहस्थ म्हणाले, "आता काय म्हणणं आहे?" भाग्यश्री पडद्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे चोळले. डोळे चोळले तिने, तौकीर! आणि हळूच म्हणाली, "मग माझंच चुकलं असेल."

ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी उठले आणि टेबलावर हात आपटला. म्हटलं, थांबा, हा तो प्रोग्राम नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, बाईला दुःखाने वेड लागलंय अशा नजरेने. मी सुरभीला म्हटलं, ही फाईल शेवटची कधी बदलली ते दाखव. तिने काढलं. बावीस जून. डॉक्टरांनी विचारलं, सेंटरमध्ये तर कुणी हात लावला नाही, मग बदलली कुणी?

बंगळूरला बसून सेंटरचा कॉम्प्युटर उघडायची किल्ली एकाच माणसाकडे आहे. पण मी ते नाव घेतलं नाही. फक्त म्हटलं, माझ्या दुकानात जुना प्रोग्राम आहे, मला थोडे दिवस द्या. त्यांनी ४ जुलैपर्यंत दिले.

येताना गाडीत मी तुझी बाजू घेत होते, ऐक. मनात म्हणत होते, त्याने दुसऱ्या पेशंटांसाठी दुरुस्त केलं असेल. पत्र वाचून घाबरला असेल, अजून कुणाला काही होऊ नये म्हणून आधी ते केलं असेल. चांगलंच केलं मग. पण प्रोग्राम बंद आहे हे मी तुला लिहिलं होतं. आणि दुरुस्त करणारा माणूस सांगतो, बाबांनो, मी हे दुरुस्त केलं. तू रात्रभर झोपला नसशील, हे मला माहीत आहे. तुझा चेहरासुद्धा दिसतो मला. तरी सांगितलं नाहीस.

पळसदरीला भाग्यश्री उतरली. उतरताना मला म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्यासाठी भावाशी वाईटपणा घेऊ नका." तिला कळलंय. वाडीतली पोर आहे, खुळी नाही. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलली नाही.

अजून आठ दिवस आहेत. लॅपटॉप अम्मीच्या पलंगाखाली पेटीत ठेवलाय, अब्बांच्या घड्याळाशेजारी. तू ये आणि तूच उघड. तू नाही आलास तर मी उघडणार. आता ती चुगली राहिलेली नाही.

मेहनाज


कर्जत, ५ जुलै

तौकीर,

तू आला नाहीस. मी उघडला.

काल सेंटरच्या त्याच टेबलावर दोन्ही मशीनं शेजारी शेजारी ठेवली. सुरभीने दोन्हींत तेच लिहिलं. एकावर चार, एकावर तीन. मग डॉक्टरांनी कागदावर दोन्ही बाजूंनी हिशेब करून दाखवला आणि ट्रस्टच्या लोकांना पटला. त्या कंटाळलेल्या गृहस्थांनी उभं राहून भाग्यश्रीची माफी मागितली, हे मला मान्य करायला हवं. येत्या सोमवारपासून ती कामावर जाईल. ती रडली नाही, मीच रडले, आणि तिने मला पाणी आणून दिलं.

मग त्यांनी विचारलं, हा प्रोग्राम कुणी केला आणि मागाहून बदलला कुणी, अहवालात लिहावं लागेल. पेन माझ्यापुढे केलं. मी लिहिलं. तौकीर, पुढे अब्बांचं नाव, पुढे आडनाव. अक्षर चांगलं आलंय.

तुला राग येईल. येऊ दे. रागावून का होईना फोन तरी करशील.

एक गोष्ट मात्र तुझ्या मनात पक्की बसू दे, कारण तू तिथे एकटा बसून उलटंसुलटं काहीतरी घोकत असशील. अम्मीच्या वेळी तुला माहीत नव्हतं. त्याचा जाब तुला कुणी विचारणार नाही, मी विचारू देणार नाही. भाग्यश्रीच्या वेळी तुला माहीत होतं. फक्त तेवढ्याचाच जाब आहे, आणि तो एका मुलीसमोर उभं राहून दोन वाक्यांत देता येतो. तिची ड्युटी सकाळी असते. ती तुला चहाही देईल, तशीच आहे ती.

सेंटरने प्रोग्राम पुन्हा सुरू केलाय, तुझाच, दुरुस्त केलेला. भाग्यश्री म्हणते, आता आधी कागदावर करणार आणि मग पडद्यावर बघणार. जुळलं तरच मशीनला लावणार.

घरी ये. मी आधी खूप ओरडेन आणि मग जेवायला वाढेन, हे तुला ठाऊक आहे. पण त्याआधी एक काम तुझ्यावाचून अडलंय. आपल्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. अब्बा नाहीत, दुसरा भाऊ नाही. इथे सगळ्यांना सगळं कळलं, ट्रस्टला, वाडीला, अफरीनच्या सासूलासुद्धा. अम्मीला तेवढं अजून कुणी सांगितलेलं नाही.

आपा